भरिताची वांगी घेऊन सिल्वासाला

अमळनेर सोडलं तेव्हा ऊन उतरणीला लागलं होतं. टेम्पोत मागे वांग्यांचे क्रेट, पुढे चालक गोकुळ आणि मी. आमच्या खानदेशातली कितीतरी माणसं सिल्वासाच्या कारखान्यांत कामाला आहेत. तिथल्या सायली भागातल्या एका कॅन्टीनला भरितासाठी आमच्याकडची हिरवी वांगी रोज हवी होती. एवढी वांगी माझ्या एकटीच्या शेतात होत नाहीत, म्हणून शेजारच्या शेतकऱ्यांचा माल मी पहिल्यांदाच एकत्र केला होता. आजवर विकलेलं प्रत्येक वांगं माझ्या नजरेखालून गेलेलं. या गाडीतली निम्मी मी पाहिलीही नव्हती.

कोंडाईबारीचा घाट उतरून नवापूरला जेवलो. व्याऱ्याच्या पुढे टायर फुटलं आणि बराच वेळ रस्त्यावरच गेला. ताडपत्रीखाली माल तापतोय, या विचाराने मला झोप लागली नाही.

सकाळी वापीहून आत वळलो. दादरा ओलांडल्यावर एक भाताचं शेत, लगेच एक गोदाम, पुन्हा शेत, पुन्हा पत्र्याची शेड, असं चालू होतं. पाळी सुटलेले कामगार सायकलींवरून परतत होते. डोकमर्डीला चहासाठी थांबलो. टपरीवालीने गाडीचा नंबर पाहून विचारलं, "कथाईन उनात?" (कुठून आलात?) ती शिरपूरकडची. नवरा खडोलीच्या कारखान्यात. इथल्या बाजारातली वांगी भाजली की पाणी सोडतात, अशी तिची तक्रार. तिला एक चांगलं वांगं द्यावं म्हणून मी मागचा क्रेट ओढला.

वरचं वांगं तुकतुकीत होतं. खालच्याला देठाशी बारीक भोक दिसलं. तिच्याच सुरीने चिरलं, तर आत अळी. आणखी एक चिरलं, त्यातही तेच. क्रेटला निळी दोरी बांधलेली होती. निळी दोरी म्हणजे हिंमतभाऊंचा माल. आमच्या बांधाला बांध लागलेले शेजारी, आणि माझ्यावर विश्वास टाकून सगळ्यांत आधी सामील झालेले.

मी तिथेच रस्त्याकडेला बसले आणि वांगी निवडू लागले. हातांना तेवढंच ठाऊक होतं. गोकुळ म्हणत होता की आधीच उशीर झालाय, कॅन्टीनचे साहेब निघून जातील. तेवढ्यात घरून सिंधूताईंचा फोन आला. तोडणीवर देखरेख त्या करतात. उद्याची गाडी भरायला घेतलीय, म्हणाल्या. हिंमतभाऊंचे क्रेट आधीच चढलेत.

एक गाडी मी निवडू शकले असते. दुसरी तिकडे भरत होती. हातातलं वांगं खाली ठेवून मी उभी राहिले.

"ताई, हिंमतभाऊंचे क्रेट उतरवा. आणि प्रत्येकाच्या क्रेटमधली तळातली वांगी चिरून बघा. माझ्यासुद्धा."

गाडीपाशीच उभ्या असलेल्या हिंमतभाऊंनी त्यांच्याकडून फोन घेतला. "वहिनी, चार वांगी किडली म्हणून मला गाडीतून उतरवता?"

"आज उतरवते, भाऊ. अळी आटोक्यात आली की पुन्हा घेईन."

फोन बंद झाला.

सायलीला कॅन्टीनचे व्यवस्थापक, पुण्याचे जोशी साहेब, घड्याळाकडे बघत उभे होते. निळ्या दोरीचे क्रेट तुमच्यासाठी नाहीत, त्यात कीड आहे, हे मीच आधी सांगून टाकलं. त्यांनी बाकीच्यांतली वांगी स्वतः चिरून पाहिली. एकही किडकं निघालं नाही. मग ते म्हणाले, तुमच्या शेतातली तेवढी रोज पाठवा, बाकीच्यांची भानगड नको.

हो म्हणणं सोपं होतं. पण शेजाऱ्यांनी माझ्या शब्दावर लावण केली होती.

"साहेब, घ्यायची तर सगळ्यांची घ्या. जबाबदारी माझी."

त्यांनी अट घातली: रोज गेटवर तपासणी, आणि एक क्रेट जरी किडका निघाला तरी अख्खी गाडी परत. मी मान हलवली.

दुपारी कॅन्टीनमध्येच जेवले. भरिताचा वास दारापर्यंत आला होता. धुळ्याकडचा एक कामगार ताट घेऊन दुसऱ्यांदा रांगेत लागला.

दुसऱ्या दिवशी परत आल्यावर घरी न जाता तडक हिंमतभाऊंच्या शेतात गेले. ते किडलेले शेंडे खुडून पिशवीत टाकत होते. त्यांनी वर पाहिलं नाही. मीही शेजारच्या सरीत शिरून खुडायला लागले. पाच-सहा झाडं झाली असतील, तोच फोन वाजला. गाडी भरून तयार होती, सिंधूताई विचारत होत्या, सोडू का? मी त्यांना एकेकाच्या क्रेटबद्दल विचारलं आणि गाडी सोडायला सांगितली. हिंमतभाऊ ऐकत होते.

"पुढच्या तोड्याला बघायला तुम्ही याल ना, वहिनी?"

"सिंधूताई येतील. मला सायलीला जावं लागेल."

"त्यांनी माल घ्यायला नाही म्हटलं तर?"

"तर मीही नाहीच म्हणेन, भाऊ."

ते वाकून पुढच्या झाडाला लागले. मी बांधावर आले. वर्षानुवर्षं संध्याकाळी शेतातून निघताना मला ठाऊक असायचं की आज किती काम झालं. त्या दिवशी ते सांगता आलं नसतं. माझं काम तेव्हा त्या गाडीतून साक्रीच्या रस्त्याला लागलं होतं, आणि ते मला दिसत नव्हतं.