लग्नाचा येसर

आजवर कुणाला सांगितलं नाही ते सांगून टाकतो. बहिणीच्या लग्नासाठी दळलेला येसर मी चोरला होता.

सांगोल्याकडचं आमचं गाव सोडायच्या दिवशीची गोष्ट. मंगळवेढ्याच्या वाटेची बैलगाडी दारात उभी. आई भाकरी बांधून देत म्हणाली, "सोलापूरला गिरणीत चाललायस, पोट मारू नगंस," आणि गाडीवानाशी बोलायला बाहेर गेली. मी उतरंडीपाशी. वरच्या मडक्यात येसर होता. ज्वारी, हरभऱ्याची डाळ, धने, सुकं खोबरं, मिरच्या खमंग भाजून जात्यावर दळलेलं पीठ. उकळत्या पाण्यात सोडलं की आमटी तयार! लग्नाचा येसर पाच सवाशिणी गाणी म्हणत दळतात आणि मांडव उभा राहीपर्यंत त्याला कुणी शिवत नाही. मी निम्मा पंच्यात ओतून घेतला.

सोलापुरात चाळीतल्या खोलीत आम्ही सहा जण. रोज भाकरी, मीठ, मिरची. पहिल्या सुट्टीला कांदा निखाऱ्यावर भाजला, लसूण ठेचला, पळीभर तेलात फोडणी, वर पाणी आणि दोन मुठी येसर. अहो, काय घमघमाट! शेजारचा नरसय्या, तेलुगू विणकर, दारात येऊन म्हणाला, "काय अण्णा, लगीन हाय काय खोलीत?" सगळे हसले. मी पंचा झटकन वळकटीखाली सारला. पण शिळ्या भाकरी कुस्करून जो तो भुरके मारायला लागला, तेव्हा वाटलं, अरे, आपल्या हाताला चव आहे की!

मग नादच लागला. डबे रिकामे होत आले की मला उलट हुरूप चढायचा. मूठभर शेंगदाण्याचा कूट, चिंचेचं बुटुक, वाळवलेल्या गवारीच्या शेंगा. एवढ्यावर सहा जणांची बोटं चाटून पुसून!

फाल्गुनात लग्नाला गेलो. येसर पुरला नाही, आमटी पाणचट झाली. चुलीपाशी आई वहिनीला म्हणाली, "म्हायरी धाडलास व्हय गं येसर? तितं लई भूक लागली हुती?" वऱ्हाडातल्या बायका फिदीफिदी हसल्या. मी पत्रावळी उचलत होतो. ऐकलं, आणि तसाच पुढं गेलो.

निघताना वहिनीनं शिदोरी दिली. हळूच म्हणाली, "भावजी, एका उकळीवर उतरवू नगा. तीन येऊ द्या. येसर कच्चा लागतो."

मी आमटी करतो हे घरात कुणाला बोललो नव्हतो. पण लग्नात माझा पंचा तिनंच धुतला होता; त्यातला वास गेला नसणार. तिला कळलं होतं, आणि तिनं माझं नाव घेतलं नाही. मी तीन उकळ्या द्यायला लागलो आणि माझ्या आमटीचं नाव चाळभर झालं.

तेव्हापासून भावकीत कुठलंही लग्न असो, येसर दळायला वहिनीला कुणी बसवत नाही. बाकीच्या गाणी म्हणतात, ती अंगणात भांडी घासते. आता तिच्याच लेकीचं लग्न ठरलंय. दादाचं पत्र आलंय: रविवारी येसर दळायचा, तू ये. पाच सवाशिणींची नावं लिहिली आहेत. त्यात वहिनी नाही.

गावात राहिलेल्यांनो, आणि माझ्यासारखं बाहेर पडलेल्यांनो, ऐका, मी निघालोय! पिशवीत धने, खोबरं, मिरच्या भरतोय, मनात भीती कमी, आनंद जास्त. चूल माझी सोलापुरातच पेटते, पोरंबाळं इथलीच झाली. तरी घर म्हटलं की मला ते जातं दिसतं, आणि अंगणात पाठमोरी बसलेली वहिनी.

आई अजून आहे. तिच्यासमोर, त्या पाचजणींसमोर, मी वहिनीला एवढंच बोलणं देणं लागतो: येसर मी नेला होता.