पिवळा कॉम्प्युटर पिवळाच राहील

जुने कॉम्प्युटर जमवणाऱ्यांच्या एका ग्रुपवर परवा माझ्याबद्दल लिहून आलं... ‘सोलापूरच्या एका काकूंनी दुर्मिळ मशीन उघडून वाया घालवलं.’ नाव दिलेलं नाही, पण फोटो माझ्याच टेबलाचा आहे. म्हणून हे लिहिते आहे.

मी बीएस्सी फिजिक्स. पॉलिटेक्निकच्या लॅबमध्ये नोकरी केली, आता निवृत्त आहे. सात रस्त्याजवळ राहते आणि टीव्हीला जोडायचे, कॅसेटवरून चालणारे जुने घरगुती कॉम्प्युटर दुरुस्त करते... हौस म्हणून.

पद्मा माझी जुनी विद्यार्थिनी. तिचे वडील चादरीच्या कारखान्यात डिझाइन मास्टर होते, ग्राफ पेपरवर एकेक चौकोन रंगवून फुलं-वेली काढायचे. त्यांनी हौसेनं असा एक कॉम्प्युटर घेतला होता. घरात त्याला सगळे ‘नायनांचं खेळणं’ म्हणत. नायना म्हणजे त्यांच्या तेलुगूत वडील.

नायना गेले, मशीन माळ्यावर राहिलं. पद्माच्या भावानं, श्रीनिवासनं, ते पुण्याच्या एका संग्राहकांना द्यायचं कबूल केलं. पद्मा अडून बसली. शेवटी तो म्हणाला, “आठ दिवसांत चालू करून दाखव, मग ठेव. नाहीतर रविवारी ते न्यायला येणार.”

मशीन तोच घेऊन आला, सोबत टेपरेकॉर्डर आणि नायनांची एक कॅसेट. “मॅडम, लई पिवळं पडलंय ओ. जरा पांढरं करून द्या की, फोटो तरी चांगला येईल.”

संग्राहकांचाही फोन आला. “काकू, आत हात घालू नका. फक्त बाहेरून पांढरं करा.”

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी... पिवळ्या पडलेल्या प्लास्टिकला केसांचा रंग उडवायचं क्रीम लावून उन्हात ठेवलं की ते पांढरं होतं. सोलापूरच्या उन्हात तर एक दिवसही लागत नाही. मी स्वतः गच्चीवर हे उद्योग केलेत, शेजारच्यांनी नावंही ठेवलीत. पण आजारी माणसाला आधी पावडर लावत नाहीत. मी मशीन उघडलं.

आत तीन कपॅसिटर फुगले होते. तसंच वीज दिली असती तर सगळंच गेलं असतं... मी फोटो काढून श्रीनिवासला पाठवला आणि ते बदलले. मग टेपरेकॉर्डर. या मशीनचा प्रोग्राम कॅसेटवर आवाजाच्या रूपात असतो, ऐकायला नुसती किंचाळी. त्याच्या हेडजवळ एक बारीक स्क्रू असतो, तो कॅसेटची किंचाळी कानाला स्वच्छ लागेपर्यंत केसाकेसानं फिरवायचा. यात दोन दिवस गेले.

सातव्या दिवशी, शनिवारी दुपारी, दोघांना बोलावलं. प्रोग्राम चढायला सात मिनिटं लागतात आणि तोवर ती किंचाळी चालूच. श्रीनिवासनं कानांवर हात ठेवले. “मॅडम, याच्यापेक्षा गिरणीचा भोंगा बरा होता की.”

पडद्यावर चौकोनांची जाळी आली, मधे एक ठिपका लुकलुकत होता... आणि बस. बाणांची बटणं दाबली, काही नाही. अंदाजानं दुसरी दाबली तर प्रोग्रामच बंद पडला. पुन्हा सात मिनिटं. पुन्हा तेच.

श्रीनिवास उठला. “झालं की मग. नुसती जाळी दाखवतंय. उद्या देऊन टाकू.”

मी चिडून खिडकीचा पडदा बाजूला केला, तारा काढायला वाकले... आणि कीबोर्डवर तिरका उजेड पडला. पिवळ्या बटणांपैकी सहा बटणांवर मधोमध एकेक गोल, पांढुरका डाग. तुरीच्या दाण्याएवढा.

“पद्मा, इथं काही चिकटवलेलं होतं का?”

तिनं वाकून बघितलं आणि तोंडावर हात ठेवला. “अय्यो... अम्माच्या टिकल्या! रोज ओरडायची नायनांवर, माझं पाकीट कुठं जातं म्हणून!”

श्रीनिवास खाली बघत म्हणाला, “त्या मीच खरवडल्या. फोटोसाठी.”

टिकलीखाली उजेड पोचला नाही, म्हणून तेवढंच प्लास्टिक पांढरं राहिलं. मी सगळं पांढरं केलं असतं तर ते सहा डागही गेले असते... आणि कोणती बटणं दाबायची हे सांगणारं जगात कुणी उरलं नसतं.

चार बटणांनी ठिपका चार दिशांना फिरला. पाचव्यानं चौकोन रंगला. सहावं दाबलं तशी कॅसेट पुढे वाचली जाऊ लागली... ओळीमागून ओळ भरत गेली. आधी काठ, मग एक मोठं आठ पाकळ्यांचं फूल, एक पाकळी आत मुडपलेली.

बोलला तो श्रीनिवास. “ही तर अम्माच्या पलंगावरची चादर आहे.”

ती चादर त्यांच्या घरात रोज झटकली जाते. तिच्यावर कारखान्याचं लेबल आहे. नायनांचं नाव कुठंच नव्हतं... ते या कॅसेटमध्ये होतं, फुलाच्या खाली, इंग्रजी अक्षरांत.

पुण्याला फोन श्रीनिवासनंच केला. “उद्या येऊ नका.” एवढंच. त्यानंतर ती पोस्ट आली.

तर ऐका. मशीन उघडलं का? उघडलं. आतले भाग बदलले का? बदलले. पांढरं केलं का? नाही केलं आणि करणारही नाही. काचेच्या कपाटात ठेवायला तुम्हाला गोरं मशीन हवं होतं, ते दुसरीकडे शोधा. आणि मी तुमची काकू नाही.

माझ्याकडून कुणाचंही मशीन परत गेलं की काय काय दिलं त्याची यादी सोबत जाते. हेही तसंच लिहिते.

पद्माच्या हाती दिलं...

कॉम्प्युटर एक. चालू. रंग पिवळा.
टेपरेकॉर्डर एक, स्क्रूवर खुणेचा ठिपका देऊन.
काढलेले जुने कपॅसिटर तीन, डबीत.
नायनांची मूळ कॅसेट एक, तिच्या कॉपी दोन. त्यातली एक श्रीनिवासनं मागून घेतली.
लाल टिकल्यांचं नवं पाकीट एक. त्यात सहा कमी आहेत, त्या आपापल्या जागी लावल्या आहेत.