बसऱ्याला गेलेली सून

नव्वदच्या दशकाच्या अखेरीस मी दुबईत एका इंग्रजी दैनिकात उपसंपादक होतो आणि बर दुबईतल्या एका फ्लॅटमध्ये आणखी तिघांबरोबर राहत होतो. शेजारच्या पलंगावरचा सोबती सातारा जिल्ह्यातला, एका बांधकाम कंपनीत फोरमन. बढती मिळाल्यामुळे तो फॅमिली व्हिसाला पात्र ठरला. कंपनीने खोली देऊ केली. महिनाअखेरपर्यंत बायको आणि मुलगी आल्या नाहीत, तर ती खोली दुसऱ्याला जाणार होती. व्हिसा तयार होता. गावाहून आईचा नकार आला.

नकाराचं कारण एका शब्दात होतं: बसरा.

त्याच्या गावात समुद्रापलीकडच्या कुठल्याही अरबी मुलखाला बसरा म्हणत. पहिल्या महायुद्धात गावातली बरीच माणसं पलटणीबरोबर तिकडे गेली होती. भांडण इंग्रज, जर्मन आणि तुर्क यांच्या साम्राज्यांचं. त्यात फोरमनचे पणजोबा बेपत्ता झाले. प्रेत आलं नाही, नक्की बातमीही आली नाही. पणजीने शेवटपर्यंत कुंकू पुसलं नाही. उतारवयात रोज रात्री ती एक ताट जास्त वाढायला लावायची. ते ताट वाढायचं काम नवीन लग्न होऊन आलेल्या याच्या आईकडे होतं.

शुक्रवारी फोनचे दर कमी असत. लाइन खरखरायची म्हणून तो स्पीकर लावायचा आणि बोलणं आम्हा सगळ्यांना ऐकू यायचं.

"आई, बसरा हितनं लई लांब हाय."

"म्हंजे तू आनी फुडं जानार?"

स्वयंपाक करणारा मालवणी सोबती ओट्यापाशी हसत सुटला. "यल्ला, बसराकर! पुढे चला, पुढे चला."

बसरा लांब असल्याचा पुरावा फोरमनने माझ्याकडे मागितला. मी ऑफिसातून आखाताच्या नकाशाची झेरॉक्स आणली. त्या दिवसांत इराकच्या बातम्या रोज माझ्या टेबलावर येत. बसऱ्याचं नाव त्यांत असायचंच. नकाशावर दुबई आखाताच्या काठावर होती आणि बसरा त्याच आखाताच्या वरच्या टोकाशी. मुंबईहून निघालेली सैन्याची जहाजं याच पाण्यातून वर गेली असणार. फोरमनने त्यावरून बराच वेळ बोट फिरवलं.

"आईचं बरोबरच हाय की," तो म्हणाला. नकाशाची घडी करून त्याने उशीखाली ठेवली. आईला यातलं काही सांगितलं नाही.

महिन्यातला शेवटचा शुक्रवार आला. आईने सुरुवातच केली, "या घरानं एक मानूस दिलाय बसऱ्याला. आता लेकीबाळी बी द्यायच्या?"

तेवढ्यात पलीकडे रिसीव्हर दुसऱ्या हातात गेला. बायकोचा आवाज आला. ती नवऱ्याशी नव्हे, शेजारी बसलेल्या सासूशी बोलत होती.

"आत्याबाई, पणजोबा गेलं म्हनून पणजीचं हाल झालं न्हाईत. ती मागं ऱ्हायली म्हनून झालं. मला मागं ऱ्हायचं न्हाई."

मालवण्याने गॅस बारीक केला. मग आईचा आवाज आला.

"लेकराला तिकडं दूध मिळतंय का रं?"

"मिळतंय की, आई! पायजे तेवढं."

"मग धाड कागदं."

"खलास!" मालवणी ओरडला. "बसराकर, तुमची कॉट माझी!"

मायलेकी वेळेत पोचल्या. आई फोनवर मुलाशी दोन शब्द बोलून सुनेला फोन द्यायला सांगू लागली.

पुढच्या वर्षी सुट्टीत त्यांनी पाठवलेलं सामान पोचवायला मी त्या गावी गेलो. आईने चहा केला. तेवढ्यात शेजारीण आली. तिच्याही मुलाने कतारहून बायकोला बोलावलं होतं आणि तिचा जीव घाबरत होता.

आई माझ्याकडे न बघता तिला म्हणाली, "बसऱ्याला नव्हं? उन्हाळा कडक हाय. पोरींस्नी शाळा चांगली हाय. जाऊ दे तिला."