चौथी ‘ब’ची पोस्टकार्डं

नागरिकशास्त्राचं पुस्तक उघडलं की चौथी ‘ब’ जांभया द्यायला लागायची आणि त्या जांभया बघून माझं डोकं फिरायचं. राग मुलांचा नव्हता, पुस्तकाचा होता. ‘टपालखाते हे एक लोकोपयोगी खाते आहे’ अशी सुरुवात असलेला धडा मलाच वाचवत नव्हता. डिलाईल रोडच्या चाळीत रात्रपाळी करून आलेला बाप झोपलाय म्हणून सकाळभर गप्प बसलेल्या पोरांनी शाळेत येऊन तो धडा का ऐकावा?

मी तेव्हा जेमतेम एकवीस वर्षांची होते. खोताच्या वाडीच्या मागच्या चाळीतून निघायचं, ट्रामने लालबागला उतरायचं, चिंचपोकळीचा पूल ओलांडायचा आणि म्युनिसिपालिटीच्या शाळेत शिरायचं, हा रोजचा क्रम. घरात तीन पिढ्या कचेरीत कारकुनी केलेली, त्यामुळे कागद, शिक्का, पत्ता यातलं आपल्याला सगळं कळतं अशी माझी पक्की समजूत होती.

एके दिवशी धाकट्या भावाचं गोष्टीचं पुस्तक मी पिशवीत घालून नेलं. पुस्तक चार बोटं रुंद, प्रत्येक पानावर चित्र. गावातली एक मुलगी शहरातल्या बापाला कार्ड लिहिते आणि ते कुणाकुणाच्या हातून जातं, एवढीच गोष्ट. मी वाचायला लागले आणि तिसऱ्या पानावर मागच्या बाकांवरचे सगळे माझ्या टेबलाभोवती येऊन उभे राहिले. हेडमास्तरांनी दारातून डोकावून विचारलं, हा कसला तास? मी म्हटलं, नागरिकशास्त्राचा. परीक्षेत काय होतं ते बघू, असं पुटपुटत ते पुढे गेले.

पोरांना या विषयात माझ्याहून जास्त कळत होतं, हे मला त्या तासाला समजलं. चाळीतल्या एकेका खोलीत गावाकडचे आठ-दहा गडी राहायचे, आणि त्यांची पत्रं लिहायची कोणी, तर शाळेत जाणाऱ्या पोरांनी. दुसऱ्या बाकावरची एक मुलगी तर अख्ख्या मजल्याची पत्रं लिहायची. कुणाच्या बायकोला काय लिहायचं आणि काय गाळायचं, हेसुद्धा तिला ठाऊक होतं. तिला मी तिथल्या तिथे वर्गाची टपालवाली नेमलं.

तिनेच एका चित्रावर बोट ठेवलं. चित्रात टपालवाला हसत हसत प्रत्येकाच्या अंगणात शिरत होता. तिचं म्हणणं, आमच्या गावाला असं नाही. आमच्या वाडीत तो येतच नाही. आमची पत्रं वाण्याच्या दुकानात टाकतो, मग दुकानाबाहेर उभं राहून मागायची. वर्ग माझ्याकडे बघायला लागला. पुस्तकात सगळंच कसं येईल, असं काहीतरी बोलून मी पान उलटलं. हे मी केलं, आणि ते मला अजून आठवतं.

पुढच्या आठवड्यात प्रत्येकाने घरून एकेक कोरं कार्ड आणलं. गावाला आजी, काका, जो असेल त्याला लिहायचं आणि उत्तर शाळेच्या पत्त्यावर मागवायचं. फळ्यावर मी पत्ता कसा वाढत जातो ते काढलं: नाव, वाडी, गाव, तालुका, जिल्हा आणि सगळ्यात खाली राज्य. वर्गात फिरून बघते तो काय, एकाही कार्डावर ‘मुंबई राज्य’ नाही. झाडून सगळ्यांनी ‘संयुक्त महाराष्ट्र’ लिहिलेला. कायद्याने तेव्हा आपण गुजरातसकट एकाच मोठ्या राज्यात होतो, पण ते या पोरांना कोण सांगणार? संध्याकाळी मोर्चात ओरडून त्यांचे घसे सकाळी बसलेले असायचे. खरं सांगायचं तर गिरगावात सभा झाली की मीही गॅलरीतून नाही, रस्त्यावर उतरून ऐकायची. मी हसले. टपालवाला जिल्हा बघतो, असू दे, असं म्हणून पुढे सरकले.

आणि दुसऱ्या बाकाशी अडले. टपालवालीने रत्नागिरी जिल्ह्यातल्या आपल्या आजाला लिहिलं होतं आणि वाडीच्या जागी ‘बौद्धवाडी’ असं ठळक काढलं होतं. आदल्या वर्षी तिच्या मुंबईच्या आणि गावच्या घरांनी दीक्षा घेतली होती. त्याआधी गावकुसाबाहेरच्या त्या वस्तीला जातीवरून पडलेलं नाव होतं. ते मी इथे लिहीत नाही. तेव्हा मात्र मी तिला तेच लिहायला सांगितलं. हे नवीन नाव टपालात कोणाला माहीत असणार, तुझ्या आजाला कार्ड मिळायचं नाही, असं मी समजावलं. तिने कार्डावर तळहात ठेवला. मग माझा आवाज चढला. पत्ता टपालवाल्याला कळेल असा लिहायचा असतो, आपल्याला आवडेल असा नव्हे, असंही मी बोलून गेले.

ती उभी राहिली आणि हळूच म्हणाली, “बाई, महाराष्ट्र अजून झाला नाही, तरी सगळ्यांनी लिहिला. आमची वाडी तर झालीय.”

लिही मग, असं मी तुटकपणे म्हटलं. कोपऱ्यावरच्या लाल पेटीत रांगेने कार्डं टाकताना पोरांनी तिला चिडवलं की तुझं काही पोचत नाही. तिनेही पैज मारली. नाही पोचलं तर यापुढे सगळ्या पत्रांवर बाई सांगतील ते नाव लिहीन, असं ती सगळ्यांसमोर बोलली.

आठ दिवसांत उत्तरं यायला लागली आणि वर्गात सण सुरू झाला. पोस्टमन मधल्या सुट्टीत यायचा, गठ्ठा टपालवालीच्या हातात द्यायचा, आणि ती नावं पुकारायची. एका काकांनी पुतण्याचं अक्षर बघून दोन ओळी शिव्या पाठवल्या होत्या. एका घरी पोराने स्वतःहून पत्र लिहिलं म्हणजे तो आजारीच असणार, असं धरून अंगारा पाठवला होता. सगळ्यात मजा मालवणकडच्या एका पोराची. त्याच्या आजीला कुणीतरी कार्ड पत्त्यासकट वाचून दाखवलं, आणि ‘संयुक्त महाराष्ट्र’ ऐकून म्हातारीला वाटलं, मिळाला. तो उठून सांगायला लागला, “बाई, आमच्या आजयेन वाडीभर गूळ वाटल्यान.” मी हसून हसून खुर्चीत बसले. उत्तर आलं की भिंतीवरच्या नकाशात त्या गावाशी खळ लावून चिठ्ठी चिकटवायची. धड्याने जे जिल्हे सहा महिन्यांत शिकवले नसते, ते पोरांना पंधरा दिवसांत तालुक्यांसकट पाठ झाले.

फक्त टपालवालीचं उत्तर येईना. रोज ती गठ्ठा शेवटपर्यंत चाळायची, मग वहीत डोकं घालायची. दोन आठवडे झाले. पोरं आता चिडवतही नव्हती, आणि ते जास्त वाईट होतं. माझ्याने बघवेना. एका रविवारी घरी बसून मी तिच्या आजोबांना स्वतः कार्ड लिहिलं: आपली नात खुशाल आहे, उत्तराची वाट बघते आहे. पत्त्यावर वाडीचं जुनं नाव घातलं, आणि पाठवणाऱ्याचा पत्ता शाळेचा. पोरीवर उपकार करते आहे असं मी स्वतःला सांगितलं. त्यात थोडी मला माझंच खरं करायची हौस होती, हे मी तेव्हा कबूल केलं नसतं.

चौथ्या आठवड्यात पोस्टमनने तिच्या हातात दोनच कार्डं ठेवली, दोन्हींवर एकाच गावचा शिक्का. पहिलं आजाचं होतं, गावच्या कुणा शाळकरी मुलाकडून लिहून घेतलेलं. तिने ते उभं राहून वाचलं. कार्ड पंधरा दिवस दुकानात पडून होतं. ही वाडी कुठली ते माहीत असून कोणी बोलत नव्हतं. मग कानावर आल्यावर आजा स्वतः गेला आणि म्हणाला, कार्ड माझंच आहे, पण मी इथून नेणार नाही, पत्ता वाडीचा आहे तर वाडीत आणून द्या. ‘काल टपालवाला वाडीत आला. पाणी पिऊन गेला,’ ही शेवटची ओळ तिने दोनदा वाचली. पोरांनी बाकं बडवून शाळा डोक्यावर घेतली. मीही टेबल बडवत होते.

तेवढ्यात तिने दुसरं कार्ड उलटून बघितलं आणि तिचं हसू थांबलं. रोज फळ्यावर बघितलेलं अक्षर ती ओळखणारच होती. पत्त्यावर आडवी रेघ मारून कुणीतरी लाल पेन्सिलीने शेरा लिहिला होता: या नावाची वाडी गावात नाही, सबब परत. तो तिने वाचून दाखवला नाही. टेबलापाशी आली, कार्ड पालथं माझ्यासमोर ठेवलं आणि मला एकटीला ऐकू जाईल इतक्या हळू म्हणाली, “बाई, तुमचं कार्ड परत आलंय. पत्ता चुकलाय.”

मला शरमेने वर बघवेना. पण वर्ग गप्प व्हायची वाट बघून मी उठले, शेरा सगळ्यांना मोठ्याने वाचून दाखवला आणि तिला म्हटलं, हो, माझा चुकला.