दादांच्या मीमखालची कमेंट

निवडणूक लागली आणि आमच्या वॉर्डातल्या नगरसेवक साहेबांचे बघता बघता ‘दादा’ झाले. तरुण मतं हवी होती, म्हणून मीम्स बनवायला एक पगारी टोळी ठेवली. पहिल्याच मीममध्ये पुस्तकावर डोकं टाकून झोपलेलं मांजर, आणि खाली गॉगल लावलेले दादा: ‘अभ्यासाचं टेन्शन नको, मी आहे ना!’

माझ्या झेरॉक्सच्या दुकानात काम करणारी माझी भाची ते बघून खो खो हसली. मग म्हणाली, “आत्या, हा माणूस माझीच थट्टा करतोय गं.”

खोटं नव्हतं. घर एका खोलीचं, त्यात टीव्ही, आजारी आजोबा आणि दोन भांडकुदळ भाऊ. नोकरीच्या परीक्षेचा अभ्यास ती वॉर्डाच्या वाचनालयात करायची. त्याला साहेबांनी ‘दुरुस्ती’ म्हणून कुलूप ठोकलं. फुटक्या तावदानातून डोकावलं तर आत त्यांच्या सभेच्या खुर्च्या छतापर्यंत रचलेल्या! परीक्षा तोंडावर, आणि पोर माझ्या मशीनच्या घरघरीत कानात बोळे घालून वाचायची. माझा जीव तुटायचा.

तिने मीमखाली लिहिलं, ‘वाचनालय कधी उघडणार, साहेब?’ टोळीने कमेंट उडवली. तिने पुन्हा लिहिली. हट्टाला पेटली की ही कुणाच्या बापाचं ऐकत नाही, माझ्यावरच गेलीय. रोज नवं मीम, रोज तोच प्रश्न. शेवटी टोळीने तिच्याच फोटोचं मीम केलं: ‘वाचनालयवाली ताई’.

माझा भाऊ घाबरला. “मोठ्या लोकांच्या नादी कशाला लागतेस?”

“मी कुठे लागले, बाबा? तेच आलेत माझ्या फोनमध्ये.”

त्या मीमखाली मात्र वॉर्डातली पोरंपोरी तिचाच प्रश्न लिहायला लागली. उडवून उडवून किती उडवणार?

मग एका सकाळी दादाच दुकानात हजर, मागे कॅमेरा. “ताई, आपण मिळून एक धमाल रील करू. तुम्ही प्रश्न विचारा, मी कान पकडतो.”

“आधी किल्ली द्या.”

“ती ऑफिसात असेल...”

“मग चला ऑफिसात. कॅमेरा बंद करू नका.”

गिऱ्हाईक उभं होतं, तरी मी शटर खाली ओढलं. गेलं उडत गिऱ्हाईक! वाटेत पोरंपोरी सामील होत गेली, सगळ्यांचे फोन वर. दादांना मागे वळायची सोय उरली नाही. ऑफिसातून किल्ली घेऊन वाचनालयाचं कुलूप त्यांनाच काढावं लागलं.

भाची खुर्च्यांमधून वाट काढत आत गेली. मागोमाग कॅमेरावाला शिरणार, तोच तिने दारात आडवा हात धरला.

“इथे अभ्यास चालतो. शूटिंग बाहेर.”