दोघांच्या वजनावर आवळलेला ब्रेक

बायकोच्या मयतीचा चाळिसावा झाला आणि दुसऱ्या दिवशी मी मोटरसायकल बाहेर काढली. चाळीस दिवस ती पडवीत उभी होती. वेशीपर्यंत गेलो तर मागच्या चाकातून आवाज. आधी घरघर, मग किंचाळल्यासारखं, मग परत घरघर. पाय ब्रेकवर नव्हता.

आमचा धंदा बांगड्यांचा. गावोगावचे आठवडी बाजार दोघांनी मिळून केले. गाडी मी चालवायची, तिनं मागं पेटी मांडीवर घेऊन बसायचं. बायकांच्या हातात बांगड्या बहुतेक तीच चढवायची. तिच्या हातून फुटायच्या कमी.

पोरगा शिरवळच्या कारखान्यात आहे. शनिवारी आला, तेव्हा आवाज त्यानंही ऐकला.

"अब्बा, चाक अडकून रस्त्यात पडला तर उचलायला कोन हाय? उद्या जाताना गाडी मी घेऊन जातो. बाजार बंद करा आता."

"आनि मी हितं काय करू?"

"आराम करा."

आराम काय असतो ते चाळीस दिवसांत लय बघितलं होतं. चहा प्यायचा, भिंतीकडं बघायचं, परत चहा. म्हणालो, "उद्या दुपारपर्यंत आवाज काढून टाकतो. न्हाई निघाला तर ने."

रविवारी सकाळी शिराळ्याला गेलो. तिथला मिस्त्री माझ्या जुन्या ओळखीचा, पन्नाशीचा, तोंडानं फटकळ. माझ्या मागं बसला आणि म्हणाला, "चला चाचा, ऐकवा तुमचं गानं."

बस स्टँडपर्यंत जाऊन आलो. आवाज नाही.

"चाचा, गाडी ठीक हाय. कान धुवून घ्या."

"येताना रस्ताभर ओरडत हुती."

"मला बघून लाजली म्हना की!"

तो उतरला. मी एकटाच समोरच्या चिंचेच्या झाडापर्यंत गेलो तर परत किंचाळी. आता त्याच्याही कानावर पडली. तो हसायचा थांबला.

त्यानं चाक काढलं. बेअरिंग हलवून बघितलं, घट्ट होतं. ब्रेकचे लायनर अजून जाड होते, वर नुसती काळी भुकटी. पॉलिश पेपरनं घासले, ड्रम पुसला, चाक परत बसवलं. ब्रेकच्या सळईचा नट मात्र मी त्याला लावू दिला नाही. त्या सळईवर मी लाल नेलपॉलिशची खूण करून ठेवली होती. नट बरोबर खुणेवर आणला. फेरी मारली. तोच आवाज.

मिस्त्रीनं चूळभर पाणी ड्रमवर मारलं. चर्र झालं.

"ब्रेक धरून बसलाय. ही खूण कुनी केली?"

"मी."

"गाडी रिकामी हुती तवा?"

रिकामी कशी असेल? बाजाराला निघताना ब्रेक आवळायचा ही आमची पद्धत. ती पेटी घेऊन बसायची, एक हात भिंतीला टेकवायची, मी मागं उकिडवा बसून पाना फिरवायचो. "आवं आटपा, बाजार उठंल," असं तिचं चालू असायचं. एकदा दोघं बसून निघालो, दोघांच्या वजनावर ब्रेक नीट लागला तेव्हा खूण केली, म्हणजे रोज तिला तसं बसवायला नको. एवढं मी त्याला सांगितलं.

त्यानं सीटवर जोर देऊन दाबलं आणि मला सळईकडं बघायला लावलं. "वजन आलं की ही ढिली पडती. वजन उठलं की ताणती. तुमी एकटं बसलाय, म्हनून लायनर ड्रमला घासतोय."

पंधरा वर्षं ही गाडी चालवली आणि एवढं ध्यानात आलं नाही. तिच्याशिवाय गाडी कधी बाहेर काढलीच नव्हती.

त्यानं पाना माझ्याच हातात दिला. मी नट उलटा फिरवायला लागलो. एक वेढा, दोन, तीन. चौथ्या वेढ्याला चाक हातानं सुटं फिरलं. खूण नटाच्या पुढं उघडी पडली. मिस्त्री म्हणाला, "पुसू का ती?" मी म्हणालो, "राहू दे, आपोआप जाईल."

दुपारी पोरानं गाडी घेतली. एकटाच पाटापर्यंत जाऊन आला. उतरून ड्रमला हात लावला. गार होता.

"मागं कोन बसलं तर ब्रेक कमी लागंल की, अब्बा."

"कुनाला बसवत न्हाई."

त्यानं हात पुसले. मग किल्ली माझ्या हातावर ठेवली आणि म्हणाला, "सावकाश जावा. पोचल्यावर फोन करा." पिशवी उचलून तो एसटीला गेला.

बुधवारी मी बाजार केला. पहिल्याच बाईच्या हातात दोन बांगड्या फुटल्या. म्हणाली, "मामी न्हाई आल्या?" मी म्हणालो, "वारली." तिनं दुसरा हात पुढं केला. "सावकाश चढवा," म्हणाली.