कोंबड्यांच्या ओळखीचा शर्ट

बीएस्सी ॲग्री झालो आणि नोकरी न धरता कोंबड्या पाळायचं खूळ डोक्यात घेतलं. सत्तरच्या दशकातलं आमचं निमोणं गाव. लोक तोंडावर हसायचे. “एवढं शिकला, आन् आंडी इकतोय!” वडिलांनी दम दिला होता : ह्या कोंबड्या मेल्या, की गुमान कचेरीत कारकुनी. त्या कारकुनीच्या नुसत्या विचारानं माझं टाळकं सटकायचं.

मला धंद्याच्या खाचाखोचा शिकवायला कासुर्डीचे आप्पा होते. त्यांचा मुलगाही माझ्यासारखाच शेतकी पदवीधर. विहिरीवर मोटारीचा शॉक बसून गेला. त्याच्या कोंबड्या आप्पांनी मला दिल्या आणि ते दर बाजारादिवशी यष्टीनं येऊन शिकवू लागले. चहासुद्धा घ्यायचे नाहीत.

पण मी शेडमध्ये पाऊल टाकलं, की कोंबड्या जीव खाऊन पळायच्या, कोपऱ्यात एकमेकींवर चढायच्या. खालच्या गुदमरून मरायच्या. मेलेल्या उचलून उचलून मी रडकुंडीला आलो. तेव्हा आप्पांनी पिशवीतून एक खाकी शर्ट काढला.

“कापडं वळखतात त्या. त्यास्नी ह्योच ठावा हाय. घाल.”

कुणाचा, ते विचारायची गरजच नव्हती. नको वाटलं, पण घातला. दार उघडलं. एकही पळाली नाही. सगळ्या माझ्या पायाशी गोळा झाल्या आणि माना वर करून, आवाज न करता बघत राहिल्या. एक तर उडी मारून थेट डाव्या खिशात चोच घालू लागली. तो तिथं दाणे ठेवत असणार. खरं सांगतो, मला तिथून पळून जावंसं वाटलं.

त्यानंतर आप्पा आत येईनात. जाळीबाहेरूनच सांगायचे, जमिनीवरचा भुसा हलव, पाणी बदल. मी त्यांच्याकडं वळलो, की म्हणायचे, “वळू नगं. पाठमोराच ऱ्हा.” भर उन्हात त्यांची नजर पाठीवर घेऊन मी काम करायचो. भीती वाटायची, चीडही यायची. पण कोंबड्या जगत होत्या, अंडी पुण्याला चालली होती. शर्ट काढायची हिंमत कुठून आणू? मी खिशात दाणेसुद्धा ठेवायला लागलो.

एका दुपारी मी असाच पाठमोरा भुसा हलवत होतो. मागून बाईची हाक आली.

“बाळा!”

आमच्याकडं भर दुपारी मागून अनोळखी हाक आली, तर ओ देत नाहीत. माझे हात थांबले. कोंबड्यांनी एकदम माना वळवून जाळीकडं पाहिलं.

“त्यो न्हाई गं,” आप्पांचा आवाज आला. “आपला गेला. चल, यष्टी जाईल.”

ती हलली नाही. बांगड्या जाळीला घासल्या.

“जेवलास का रं?”

वळलो असतो, तर तिला माझं तोंड दिसलं असतं.

“न्हाई अजून, आई,” मी म्हणालो.